बटण करडं का पडतं, आणि ते नीट करडं करणं इतकं अवघड का असतं

फॉर्म पूर्ण भरला, आधार क्रमांक टाकला, फोटो चढवला, तरी खालचं ‘जमा करा’ बटण फिकट ते फिकटच. माउस नेला तरी ढिम्म, दाबलं तरी ढिम्म. आपलं काही चुकलंय, नेट गेलंय की सॉफ्टवेअरच अडकलंय, काही कळायला मार्ग नाही. मग कोणी सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून भरायला बसतं, कोणी शेजारच्या टेबलावरच्या मुलाला हाक मारतं. तो येतो, पान खाली सरकवतो आणि म्हणतो, “काका, ही अटी मान्यची टिक राहिलीय.”

टिक केली की बटण जिवंत होतं. सॉफ्टवेअरला सगळं ठाऊक होतं, त्याने सांगितलं मात्र नाही. हा लेख त्या न सांगण्याबद्दल आहे. बटण बंद करणं प्रोग्रॅमरला एका ओळीत जमतं, पण ते बंद आहे हे समोरच्याला कळवणं हे वेगळं काम आहे आणि ते बऱ्याचदा राहून जातं. संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे हिशेबाचे, बिलिंगचे, दवाखान्यातल्या नोंदणीचे जे प्रोग्रॅम दिवसभर उघडे असतात त्यांत, हे फार दिसतं.

दोनच शब्द आधी समजून घेऊ. पडद्यावरचं बटण, टिक करायची चौकट, मजकुराचा रकाना, खाली उघडणारी यादी अशा प्रत्येक वापरायच्या भागाला विजेट म्हणतात. आणि विजेट जागेवर आहे पण सध्या वापरता येत नाही, या स्थितीला डिसेबल्ड. आपण पुढे सरळ ‘बंद’ म्हणू.

## बंद असणं वेगळं, बंद दिसणं वेगळं

बँकेतला काउंटर डोळ्यांसमोर आणा. आतला माणूस जेवायला गेलाय म्हणजे काउंटर बंद आहे. काच ओढलेली असेल तर तो बंद दिसतोही. आणि काचेवर ‘जेवणाची सुट्टी, २ वाजता सुरू’ अशी पाटी असेल तर का बंद आणि कधी उघडणार, हेही कळतं. काच उघडी आणि आत कोणी नाही, असं असलं की लोक रांग लावतात आणि मग चिडतात. काच ओढली पण पाटी नाही, तर लोक येरझाऱ्या घालतात.

बटणाचंही तसंच. प्रोग्रॅमच्या लेखी ते बंद असणं, पडद्यावर बंद दिसणं आणि बंद असण्याचं कारण कळणं ही वेगवेगळी कामं आहेत. पहिलं सहसा होतं, कारण ते न केल्यास प्रोग्रॅम चुकीचं काम करून बसतो आणि चाचणीत पकडलं जातं. दुसरं अर्धवट होतं. तिसरं बहुतेक वेळा होतच नाही.

## तयार बटणात हे आपोआप कसं व्हायचं?

१९८४ साली पहिला मॅकिंटॉश आला तेव्हा त्याच्या पडद्यावर करडा रंगच नव्हता. ५१२ बाय ३४२ ठिपके, प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. तरी मेनूतल्या बंद ओळी फिकट दिसत. अक्षरांतला एकाआड एक ठिपका पुसून टाकायचा, ही युक्ती होती. लांबून पाहिलं की डोळा उरलेल्या ठिपक्यांची सरासरी काढतो आणि अक्षर करडं भासतं.

१९९५ मध्ये विंडोज ९५ आलं तोवर रंग होते, पण अडचण वेगळी होती. सगळी पार्श्वभूमीच करडी. फिक्या करड्यावर गडद करडं अक्षर उठून दिसेना. मग तेच अक्षर आधी एक ठिपका उजवीकडे-खाली सरकवून पांढऱ्यात काढायचं आणि त्यावर करड्यात काढायचं, म्हणजे पत्र्यावर ठसा उमटवल्यासारखं दिसतं. ज्यांनी त्या काळात डीटीपी किंवा टॅलीवर दिवस काढलेत त्यांना ते कोरल्यासारखे मेनू आठवत असतील. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून थीम, म्हणजे पडद्याच्या सजावटीचे तयार संच, आल्या आणि थीमच्या फाइलीत बटणाच्या प्रत्येक अवस्थेचं चित्र स्वतंत्र ठेवलं जाऊ लागलं: साधं, माउस वर आलेलं, दाबलेलं, बंद.

यात मुद्द्याची गोष्ट इतकीच की हे सगळं ऑपरेटिंग सिस्टम करत होती. प्रोग्रॅमरने ‘हे बटण बंद’ एवढं म्हटलं की क्लिक घेणं थांबायचं, रंग बदलायचा, कीबोर्डवरून तिथे पोचणंही थांबायचं.

## मग स्वतःचं बटण करायला गेलं की काय बिघडतं?

आजकाल कोणालाच कंपनीने दिलेलं साधं बटण नको असतं. गोल कोपरे हवेत, आपल्या लोगोचा निळा हवा, माउस गेला की हलकी चमक हवी. अशा घरच्या विजेटला कस्टम विजेट म्हणतात. आणि बटण स्वतः रंगवलंत की त्याच्या सगळ्या अवस्था रंगवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

प्रोग्रॅमरला अशी विजेटं बनवायला मदत करणारं क्यूटी नावाचं एक लोकप्रिय साधन घ्या. त्यात रंगांची एक पेटी असते आणि पेटीत तीन कप्पे: चालू खिडकीचे रंग, मागे पडलेल्या खिडकीचे रंग आणि बंद विजेटचे रंग. तुम्ही काही ढवळाढवळ केली नाहीत तर बटण बंद केल्याबरोबर तिसऱ्या कप्प्यातले रंग लागू होतात. पण क्यूटीत वेबसारखी सजावटीची नियमावलीही लिहिता येते. तिथे तुम्ही लिहिलंत, ‘बटणाची पार्श्वभूमी निळी, अक्षरं पांढरी’. झालं! हा नियम बटणाच्या सर्व अवस्थांना लागू होतो. आता बटण बंद करा, ते निळंच राहतं, अक्षरं पांढरीशुभ्र राहतात, फक्त क्लिक मरतं. काच उघडी, आत माणूस नाही. नव्या प्रोग्रॅमरांना हे कोडं हमखास पडतं, आणि ते क्यूटीला दोष देतात. खरं तर उत्तर एका जादा नियमाचं आहे: ‘बंद असताना’ अशी अट घालून वेगळे रंग लिहायचे.

मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफ या तशाच साधनात नेमकी उलट तक्रार असते. तिथल्या तयार बटणाच्या साच्यातच बंद अवस्थेचे रंग आत खोल बसवलेले आहेत. तुम्ही बाहेरून कितीही ‘पार्श्वभूमी लाल’ म्हणा, बटण बंद झालं की साचा आपलाच करडा लावतो. तो बदलायचा तर पूर्ण साचा नव्याने लिहावा लागतो, आणि तो लिहिताना बंद अवस्था विसरलात तर तीच गायब. शिवाय बटणावर रंगीत चित्र असेल तर तिथे ते आपोआप करडं होत नाही. अक्षरं झोपलेली आणि शेजारचं प्रिंटरचं चित्र लखलखीत, असं ध्यान तयार होतं. क्यूटी मात्र छोट्या चित्राची करडी आवृत्ती स्वतःच बनवून देतं.

गट बंद करण्याचीही प्रत्येक साधनाची तऱ्हा निराळी. ‘पत्ता’ नावाच्या चौकटीत सहा रकाने आहेत आणि चौकटच बंद केली, तर क्यूटी, डब्ल्यूपीएफ आणि जीटीके नावाचं तसंच आणखी एक साधन आतले सहाही बंद करतात. जावा स्विंग या दुसऱ्या साधनात चौकट बंद होते, रकाने खुशाल चालू राहतात. विंडोजच्या जुन्या मूळ पद्धतीत तर तिसराच प्रकार: आतल्या रकान्यांवर क्लिक होत नाही, पण दिसायला ते ताजेतवाने. एका साधनाची सवय झालेला माणूस दुसऱ्यात गेला की इथे पडतोच.

आणि जे बटण पूर्णपणे हाताने रंगवलंय, म्हणजे रेषा, गोलाई, अक्षर सगळं स्वतः काढलंय, तिथे प्रत्येक वेळी रंगवण्याआधी ‘मी चालू आहे का?’ हे विचारावं लागतं. अवस्था बदलली की पुन्हा रंगवायला सांगावं लागतं. माउस वर आला की चमकणं थांबवावं लागतं, नाहीतर बंद बटण चमकून ‘ये, दाब मला’ म्हणत राहतं.

## “सगळंच निम्मं पारदर्शक करून टाकलं तर?”

ही आळशी युक्ती आहे आणि ती इतकी वापरली जाते की तिच्यावर थोडं थांबायला हवं. वेगळे रंग ठरवण्याची कटकट नको म्हणून अख्ख्या बटणाची अपारदर्शकता निम्म्यावर आणायची. मटेरियल डिझाइन या गूगलच्या सजावटीच्या नियमावलीतही बंद मजकुरासाठी ३८ टक्के हा आकडा आहे.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळं अक्षर ३८ टक्क्यांवर आणलं की त्याचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर, साधारण २.७ ला १ उरतं. वेबच्या सुगम्यता नियमांत, म्हणजे अपंगांनाही वापरता यावं म्हणून केलेल्या नियमांत, ज्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात, साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ मागितलेलं आहे. आता गडद निळं बटण आणि त्यावर पांढरं अक्षर घ्या. मटेरियलच्याच रंगपेटीतला एक गडद निळा धरला तर चालू असताना गुणोत्तर ५.७ च्या आसपास येतं. पांढऱ्या खिडकीत तेच बटण निम्मं पारदर्शक केलं की निळा फिका होत पांढऱ्याकडे सरकतो, अक्षर मात्र पांढरंच राहतं. गुणोत्तर २.२. पारदर्शकतेला अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक कळत नाही, ती दोघांनाही मागच्या रंगाकडे ओढते. मागे काय आहे यावर परिणाम ठरतो, म्हणून उजळ थीममध्ये जेमतेम चाललेलं डार्क थीममध्ये वेगळंच काही दिसतं.

देवनागरीला याचा फटका जास्त बसतो. इंग्रजी अक्षराचा सांगाडा फिका झाला तरी शब्दाच्या आकारावरून ओळखता येतो. आपल्याकडे अनुस्वाराचा एक ठिपका, रफाराचा एक आकडा, उकाराची एक शेपटी अर्थ बदलते, आणि लहान टायपात ही सगळी मंडळी एक-दोन ठिपक्यांची असतात. फिक्या करड्यात सगळ्यात आधी तीच विरतात. शिरोरेषा ठळक उरते आणि तिच्याखाली-वर काय होतं ते अंदाजाने वाचायचं. आणि ती जुनी ठशाची पद्धत अजून जिवंत आहे, विंडोज फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या आणखी एका साधनात बंद मजकूर तसा काढण्याची सोय आजही मिळते. तिच्यात तर शिरोरेषेच्या खाली पांढरी दुसरी रेषा येते आणि ‘भ’, ‘म’, ‘घ’ यांची पोटं भरून जातात. मराठी सॉफ्टवेअर करणाऱ्याने ती वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा बंद अवस्थेसाठी रंग हाताने ठरवा. पार्श्वभूमीतला रंग काढून ती सपाट करडी करा, सावली आणि चमक काढा, कडा पुसट करा, पण अक्षर वाचता येईल इतकं गडद ठेवा. बटण मेलेलं दाखवायला अक्षराचा बळी द्यावा लागत नाही.

## “बंदच आहे ना? मग वाचता नाही आलं तर काय बिघडलं?”

हा आक्षेप फालतू नाही. वर सांगितलेल्या डब्ल्यूसीएजी नियमांतच तशी सूट आहे: निष्क्रिय घटकांना कॉन्ट्रास्टची अट लागू नाही. २००८ च्या आवृत्तीत ती होती, २०१८ मध्ये चित्रं आणि कडांसाठी ३ ला १ ची नवी अट आली तेव्हा तिथेही हीच सूट ठेवली गेली. कारण समजण्यासारखं आहे. बंद गोष्ट ठळक केली तर ती चालूच वाटायची.

पण नियम मोडला नाही म्हणून काम भागलं असं होत नाही. बंद ‘जमा करा’ वाचता आलं नाही, तर आपण कशासाठी अडलोय हेच कळत नाही.

त्याहून मोठा घोळ रकान्यांचा. अनेक प्रोग्रॅममध्ये खाते क्रमांक, मागची थकबाकी, जीएसटीचा आकडा असे रकाने ‘बंद’ करून ठेवलेले असतात, कारण वापरणाऱ्याने ते बदलू नयेत. हेतू बरोबर, साधन चूक. ते आकडे वाचायचेच तर आहेत! बंद रकान्यात ते फिके होतात, आणि बहुतेक ठिकाणी निवडून कॉपीही करता येत नाहीत. मग बिचारा कारकून सोळा आकडे डोळ्यांनी बघत दुसरीकडे टाइप करतो. अशा जागी ‘फक्त वाचण्यासाठी’ ही वेगळी अवस्था असते आणि ती जवळपास प्रत्येक साधनात मिळते. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबरोबर येणाऱ्या टीकिंटरसारख्या जुन्या साधनातसुद्धा मजकुराच्या रकान्याला साधी, बंद आणि फक्त-वाचा अशा तीन अवस्था आहेत आणि बंद व फक्त-वाचाचे रंग वेगवेगळे ठरवता येतात. फक्त-वाचा रकान्याचं अक्षर पूर्ण काळं ठेवा, पार्श्वभूमी थोडी बदला, कॉपी करू द्या.

## “त्यापेक्षा बटण लपवूनच टाका की”

कधीकधी हेच बरोबर असतं. ज्या गोष्टीचा अधिकार या माणसाला कधीच मिळणार नाही, ती त्याला दाखवून उपयोग नाही. शिकाऊ कारकुनाच्या पडद्यावर ‘वर्षअखेर बंद करा’ हे बटण करडं होऊन कायमचं बसलेलं कशाला हवं?

पण जी गोष्ट आत्ता होत नाही आणि थोड्या वेळाने होणार आहे, ती लपवली की दोन तोटे. एक तर अशी सोय आहे हेच माणसाला कळत नाही. दुसरं, बटणं येत-जात राहिली की बाकीची जागा सोडतात, आणि हाताला बसलेली सवय मोडते. दिवसाला दोनशे बिलं करणारा माणूस बटण वाचत नसतो, त्याचा हात जागेवर जातो. ॲपलची मार्गदर्शक तत्त्वंही मेनूतली ओळ काढून टाकण्याऐवजी फिकी करायलाच सांगतात.

## पडदा न बघणाऱ्याला हे कसं कळणार?

एनव्हीडीए हा विंडोजसाठीचा मोफत पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, आहे आणि तो मराठीतही वाचून दाखवतो. बंद बटणावर आला की ते उपलब्ध नसल्याचं तो बोलतो. पण त्याला हे समजतं कुठून? पडद्यावरचा रंग बघून नव्हे. विजेट स्वतःची अवस्था ऑपरेटिंग सिस्टमला कळवतं, तिथून. म्हणजे एखाद्याने बटण नुसतं करड्या रंगात रंगवलं आणि क्लिक आलं की दुर्लक्ष केलं, खरं बंद केलंच नाही, तर डोळस माणसाला बंद दिसतं आणि पडदावाचक ‘बटण’ म्हणून मोकळा होतो. ऐकणारा एंटर मारत बसतो.

दुसरी अडचण खरं बंद केल्यावर येते. टॅब दाबत पुढे जाताना बंद विजेट वगळलं जातं. अंध माणूस फॉर्मच्या शेवटापर्यंत जातो आणि ‘जमा करा’ त्याला भेटतच नाही. त्याच्या लेखी ते बटण अस्तित्वातच नाही.

काहींना पडदा दिसतो, पण ते स्वतःचे ठळक रंग लावून वापरतात. विंडोज १० च्या काळ्या हाय कॉन्ट्रास्ट थीममध्ये बंद मजकूर चक्क हिरवा असतो. म्हणून बंद अवस्थेचा रंग कोडमध्ये ठोकून न बसवता, अशी थीम चालू असेल तेव्हा सिस्टमकडून मागून घ्यायचा.

भारतात हा विषय आता निव्वळ चांगुलपणाचा राहिलेला नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं आणि वीस निर्देश दिले. याचिका करणाऱ्यांत ॲसिड हल्ला सोसलेल्या आणि दृष्टिबाधित व्यक्ती होत्या. खटला करड्या बटणांचा नव्हता, हे खरं. पण अर्ज जिथे अडतो ती जागा बऱ्याचदा हीच असते.

## पाटी कुठे लावायची?

माउस वर नेल्यावर उमटणारी छोटी चिठ्ठी, टूलटिप, हा पहिला विचार. पण बंद विजेटवर ती उमटेलच असं नाही. क्यूटीत उमटते. डब्ल्यूपीएफमध्ये मुळात उमटत नाही, त्यासाठी एक वेगळी खूण चालू करावी लागते. विंडोज फॉर्म्समध्ये बंद बटणाला माउस आलेला कळतच नाही, त्यामुळे चिठ्ठीही नाही. शिवाय कीबोर्डवाल्याला ती कधीच दिसत नाही. म्हणून कारण बटणाशेजारी साध्या ओळीत लिहिलेलं उत्तम: ‘पिन कोड भरायचा राहिला आहे’. अधिकाऱ्याची मंजुरी बाकी असेल तर तसं लिहा.

माझं मत विचाराल तर फॉर्मचं शेवटचं बटण बंद ठेवूच नये. चालू ठेवा, दाबू द्या, आणि दाबल्यावर जिथे चूक आहे त्या रकान्यावर नेऊन सोडा. यावर प्रोग्रॅमर म्हणतात, मग अपुरा फॉर्म जाईल. जात नाही, तपासणी दाबल्यानंतरही करता येते, किंबहुना तेव्हा करावीच लागते. बटण बंद ठेवायचं ते खरोखर काही करण्यासारखं नसेल तिथे: निवडलेलं काही नाही तर ‘काढून टाका’ बंद, मागे जायला काही नाही तर ‘पूर्ववत’ बंद. तिथे कारण सांगायचीही फारशी गरज नसते.

पैसे भरण्याचं बटण हा अपवाद. एकदा दाबल्यावर ते लगेच बंद करायलाच हवं, नाहीतर घाईत दुसरं क्लिक होतं आणि रक्कम दोनदा जाते. पण तेव्हा ते नुसतं फिकं करू नका, त्याच बटणावर ‘भरणा होत आहे, थांबा’ असं आणा. आणि एक बारीक गोष्ट. विंडोजच्या मूळ पद्धतीत, कीबोर्डचा रोख (याला फोकस म्हणतात) ज्या बटणावर आहे तेच बंद केलं तर तो रोख तिथेच अडकून राहतो, पुढची कोणतीही कळ कुठेच पोचत नाही. माउसवाल्याला याचा पत्ता लागत नाही, टॅबवाल्याचा मात्र प्रोग्रॅम गोठतो. तेव्हा बटण बंद करण्याआधी कीबोर्डचा रोख पुढच्या चालू विजेटवर, निदान ‘रद्द करा’ वर, हलवून ठेवायचा.